अव्यवस्थावाचक शब्द

अव्यवस्थावाचक शब्द : व्यवस्था, क्रम, शिस्त, नीटनेटकेपणा किंवा सुशासन ह्यांचा अभाव वा भंग दर्शविणाऱ्या शब्दांना अव्यवस्थावाचक शब्द म्हणता येईल. अशा शब्दांची मराठीतील संख्या व्यवस्थावाचक शब्दांपेक्षा कितीतरी मोठी आहे. व्यवस्थित, नीट, टापटीप, शिस्तशीर, सुसूत्र, पद्धतशीर अशा मोजक्या शब्दांसमोर गोंधळ, पसारा, घोळ, अस्ताव्यस्त, गबाळा, गलथान, भोंगळ, ढिसाळ, अंदाधुंदी, बजबजपुरी, अनागोंदी, बेबंदशाही, अराजक अशी शब्दांची मोठी मालिका उभी राहते. हे शब्द परस्परांचे पर्याय आहेत, असे वरवर पाहता वाटते. परंतु ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. खोली अस्ताव्यस्त असते, पण ती बेबंद नसते. कारभार ढिसाळ असतो, पण तो अजागळ नसतो. गायन बेताल असते, पण ते विस्कळित असेलच असे नाही. प्रत्येक शब्दामागे व्यवस्थेची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली असते व त्या कल्पनेच्या मापाने समोरची वस्तू, व्यक्ती वा घटना मोजलेली असते. त्यामुळे ह्या शब्दांच्या अभ्यासातून अव्यवस्थेइतकीच, ते शब्द वापरणाऱ्या समाजाची व्यवस्थेविषयीची समजूतही कळून येते.

स्वरूप व वर्गीकरण : कोणती व्यवस्था मोडली आहे, ह्यावरून ह्या शब्दांचे स्थूलमानाने पाच गट पडतात. (१) वस्तूंच्या मांडणीविषयीचे : पसारा, अस्ताव्यस्त, गुंता, विखुरलेले, चिवडलेले. (२) व्यक्तीच्या वेषाविषयीचे व वागण्याविषयीचे : गबाळा, अजागळ, वेंधळा, बेशिस्त, उच्छृंखल. (३) कामाच्या वा कारभाराच्या पद्धतीविषयीचे : गलथान, ढिसाळ, भोंगळ, विस्कळित, घोळ, सावळागोंधळ. (४) समूहाच्या हालचालीविषयीचे व आवाजाविषयीचे : गडबड, धांदल, तारांबळ, गदारोळ, हलकल्लोळ, धुडगूस, दंगल. (५) राज्याच्या वा समाजाच्या स्थितीविषयीचे : अराजक, अंदाधुंदी, बेबंदशाही, मोगलाई, बजबजपुरी. ह्यांखेरीज अव्यवस्थेचा परिणाम सांगणारा एक गट आहे. बोजवारा, विचका, फज्जा, बट्ट्याबोळ व खेळखंडोबा हे शब्द चालू स्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर योजलेले काम अखेरीस बिघडले हे सांगतात. म्हणून त्यांच्यापुढे बहुधा ‘उडणे’, ‘होणे’ किंवा ‘वाजणे’ अशी क्रियापदे येतात.

गटागटांतील सीमा पक्क्या नाहीत. ‘गोंधळ’ हा शब्द खोलीतील वस्तू, मनातील विचार, सभेतील आरडाओरडा आणि कचेरीतील कारभार ह्या सर्वांना लावला जातो. जो शब्द सर्वत्र चालतो त्याची अर्थाची धार कमी होते. ‘गोंधळ झाला’ एवढ्याने कोणती व्यवस्था मोडली व कोणामुळे मोडली, ह्यांपैकी काहीच कळत नाही.

शब्दघटना : ह्या शब्दांतील बरेचसे अभावदर्शक उपसर्गांनी बनलेले आहेत. संस्कृतातून आलेल्या शब्दांत अ-, वि-, दुर्- व उत्- हे उपसर्ग दिसतात (अव्यवस्था, अनिर्बंध, विशृंखल, दुर्व्यवस्था, उच्छृंखल), तर फार्सी-अरबीच्या संपर्कामुळे बे- व गैर- हे उपसर्ग रूढ झाले (बेशिस्त, बेबंद, बेलगाम, गैरव्यवस्था, गैरशिस्त). हे उपसर्ग पुढे मूळच्या संस्कृत वा मराठी शब्दांनाही लागू लागले. ‘बेताल’ व ‘बेसूर’ ह्या शब्दांत फार्सी उपसर्ग आणि भारतीय संगीतातील संज्ञा एकत्र आल्या आहेत.

उपसर्गापुढील मूळ शब्द पाहिला असता व्यवस्थेची मूळ प्रतिमा स्पष्ट होते. ‘व्यवस्था’ ह्या शब्दात ‘स्था’ म्हणजे उभे राहणे हा धातू आहे. वेगवेगळ्या गोष्टींना आपापल्या जागी ठरवून ठेवणे, असा त्याचा भाव आहे. धर्मशास्त्राच्या परंपरेत ‘व्यवस्था’ म्हणजे पंडितांनी दिलेला निर्णय असाही अर्थ होता. ‘अस्ताव्यस्त’ ह्या शब्दातील ‘अस्त’ व ‘व्यस्त’ हे दोन्ही घटक ‘अस्’ म्हणजे फेकणे ह्या धातूपासून आले आहेत; फेकलेले आणि इकडेतिकडे फेकलेले, हा त्यांचा मूळ अर्थ. त्यातील ‘व्यस्त’ हा शब्द गणितात ‘व्यस्त प्रमाण’ ह्या संज्ञेत उलट ह्या अर्थाने टिकून आहे आणि व्यवहारात ‘कामात गढलेला’ ह्या अर्थाने रूढ आहे. ‘शिस्त’ हा शब्द फार्सी असून त्याचा जुना अर्थ नेम असा आहे. नेम धरणाऱ्याची एकाग्रता व सरळ रेषा ह्यांवरून तो नियमबद्ध वर्तनाचा वाचक झाला असावा.

शृंखला, बंद, लगाम, निर्बंध ह्या मूळ शब्दांत व्यवस्था ही बांधून ठेवणारी गोष्ट मानलेली दिसते. उच्छृंखल व विशृंखल म्हणजे साखळी तुटलेला. बेलगाम म्हणजे लगाम नसलेला. मोकाट म्हणजे दाव्याला न बांधलेला. जनावरांविषयीची ही भाषा माणसांना लावली गेली आहे. पण बंधनाचा अभाव नेहमी दोषच मानला जातो असे नाही. मुक्त, मोकळा व स्वच्छंद ह्या शब्दांतही बंधनाचा अभावच सांगितलेला असतो; परंतु त्यांचा सूर संमतीचा आहे. एकाच वर्तनाला एक जण स्वातंत्र्य म्हणतो, तर दुसरा स्वैराचार म्हणतो. येथे घटना बदललेली नसते. बंधन आवश्यक होते की नाही, ह्याविषयीचे मत बदललेले असते.

मराठीत द्विरुक्तीने बनलेले अव्यवस्थावाचक शब्दही विपुल आहेत. गडबड, अघळपघळ, उलटसुलट, सैरावैरा, उलथापालथ ह्यांत नादाची पुनरावृत्ती असते. पळापळ, फेकाफेक, ढकलाढकली, पांगापांग अशा शब्दांत क्रियावाचक अंशाची द्विरुक्ती होऊन अनेकांनी, एकाच वेळी व परस्परांचा मेळ न ठेवता केलेली क्रिया दर्शविली जाते. ‘ढवळाढवळ’ हा शब्द ह्याच वर्गातील असून पाणी ढवळण्याच्या क्रियेवरून तो आता प्रामुख्याने दुसऱ्याच्या कामातील अनाहूत हस्तक्षेप दर्शवितो. ‘कल्लोळ’ ह्या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ मोठी लाट असा आहे. त्यावरून तो आवाजाच्या उसळीला व ‘हलकल्लोळ’ ह्या रूपात सार्वत्रिक घबराटीला लावला गेला.

वस्तू व व्यक्ती ह्यांविषयीचे शब्द : ‘पसारा’ हा शब्द ‘प्रसार’ ह्या संस्कृत शब्दापासून आला असून पसरणे एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. दुकानाचा, संसाराचा किंवा विश्वाचा पसारा असे म्हणताना त्यात दोष अभिप्रेत नसतो, विस्तार अभिप्रेत असतो. ‘पसारा मांडणे’ व ‘पसारा आवरणे’ ह्या दोन वाक्प्रचारांतून तो घरगुती अव्यवस्थेचा वाचक बनला. काम चालू असताना वस्तू पसरणे स्वाभाविक असते. सुताराच्या कामाच्या जागी किंवा स्वयंपाक चालू असलेल्या घरात जो पसारा दिसतो, तो काम करणाऱ्याच्या दृष्टीने सोयीची मांडणी असते; बाहेरून आलेल्यास मात्र ती अव्यवस्था वाटते. घरातील पसारा आवरण्याचे काम परंपरेने स्त्रीकडे सोपविले गेल्यामुळे घर नीटनेटके नसल्याचा दोषही तिलाच लावण्याची प्रथा पडली, ही गोष्ट ह्या शब्दाच्या वापरात लक्षात घेण्याजोगी आहे.

‘गबाळा’ हे विशेषण ‘गबाळ’ ह्या नामाशी संबद्ध आहे. गबाळ म्हणजे फुटकळ सामानाचे गाठोडे. ‘चंबूगबाळे आवरणे’ ह्या वाक्प्रचारात हा अर्थ अजून टिकून आहे. बिऱ्हाड हलविणाऱ्या माणसाचे पाण्याचे भांडे व बोचके, एवढे त्याचे सामान. जो घर पाठीवर घेऊन हिंडतो त्याला सामान गाठोड्यातच बांधावे लागते. स्थायिक माणसाच्या दृष्टीने मात्र ते गाठोडे अव्यवस्थितपणाचे लक्षण ठरले व पुढे ते नाम निष्काळजी वेषाच्या कोणत्याही माणसास विशेषण म्हणून लागू लागले. ‘अजागळ’ ह्या शब्दाचा संबंध संस्कृतातील ‘अजागलस्तन’ ह्या दृष्टांताशी जोडला जातो. अजा म्हणजे शेळी. तिच्या गळ्याशी लोंबणारे मांसल अवयव दिसायला स्तनांसारखे असले, तरी त्यांतून दूध निघत नाही. म्हणून निरुपयोगी गोष्टीला हा दृष्टांत देतात. निरुपयोगी व लोंबते ह्या दोन्ही छटा मिळून अजागळ म्हणजे अव्यवस्थित वेषाचा व कामात ढिला माणूस, असा मराठी अर्थ तयार झाला.

विधी व कला ह्यांवरून आलेले शब्द : मराठीतील अव्यवस्थावाचक शब्दांचा सर्वांत लक्षणीय गट लोकविधींच्या व लोककलांच्या नावांपासून बनलेला आहे. गोंधळ, तमाशा, भारूड, शिमगा व दंगल हे त्यांपैकी प्रमुख होत.

गोंधळ हा देवीच्या उपासनेचा विधी आहे. तुळजापूरची भवानी व माहूरची रेणुका ह्यांचे उपासक असलेले गोंधळी तो घालतात. कदमराई व रेणुराई अशा त्यांच्या दोन शाखा आहेत. लग्नासारख्या मंगल कार्यानंतर कुलाचार म्हणून घरोघरी गोंधळ घातला जातो. विधीचा क्रम ठरलेला असतो : प्रथम धान्याचा चौक भरून त्यावर कलशाची स्थापना करतात, दिवटी पेटवून देवीची पूजा करतात, नंतर निरनिराळ्या क्षेत्रांच्या देवदेवतांना नावे घेऊन पाचारण करतात, त्यापुढे मुख्य गोंधळी आपल्या साथीदाराच्या मदतीने आख्यान लावतो व शेवटी आरती होते. संबळ, तुणतुणे व झांज ही साथीची वाद्ये होत. मध्ययुगीन संगीतग्रंथांत आलेल्या ‘गोंडली’ ह्या नृत्यप्रकाराशी गोंधळाचा संबंध काही अभ्यासक जोडतात. असा काटेकोर क्रम असलेल्या विधीचे नाव मराठीत अव्यवस्थेचा सर्वांत रूढ शब्द व्हावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. रात्रभर चालणारा संबळाचा नाद, दिवट्यांचा उजेड, एकामागून एक येणारी आवाहने व प्रश्नोत्तरे ह्यांचा मेळ विधीत सहभागी असणाऱ्याला कळतो; दूर अंतरावरून ऐकणाऱ्याला केवळ गलबला ऐकू येतो. शब्दाचा दुसरा अर्थ ह्या दूरस्थ श्रोत्याचा असावा. ‘गाढवांचा गोंधळ, लाथांचा सुकाळ’ ह्या म्हणीत दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. विधीच्या नावावर श्लेष करून तीत अडाण्यांच्या जमावाची थट्टा केली आहे.

‘तमाशा’ ह्या अरबी-फार्सी शब्दाचा मूळ अर्थ प्रेक्षणीय देखावा असा आहे. महाराष्ट्रात तो लोकनाट्याच्या एका प्रकाराचे नाव झाला. गण, गौळण, बतावणी, लावणी व वग असा ह्या नाट्याचा क्रम असतो. तरीही ‘तमाशा करणे’ म्हणजे चारचौघांत लाज सोडून भांडण वा आरडाओरडा करणे. ‘भारूड’ हा एकनाथादी संतांनी अध्यात्मबोधासाठी वापरलेला रूपकात्मक रचनाप्रकार. पण ‘भारूड लावणे’ म्हणजे कंटाळवाणे व लांबलचक बोलणे. ‘शिमगा’ म्हणजे फाल्गुनातील होळीचा सण. त्यात वर्षातील ठराविक दिवशी बोंब मारण्यास, रंगचिखल खेळण्यास व एरवी निषिद्ध असलेले बोलण्यास मुभा असते. म्हणजे ही अव्यवस्था कालमर्यादेने बांधलेली असते; ‘शिमगा करणे’ ह्या वाक्प्रचारात मात्र ती मर्यादा लोप पावली आहे. ‘दंगल’ म्हणजे कुस्त्यांचा फड. आखाडा, जोड व पंच ह्यांनी नियमबद्ध असलेल्या ह्या खेळाचे नाव जमावाच्या हिंसाचाराला मिळाले. आज कुस्त्यांची दंगल व शहरातील दंगल हे दोन्ही अर्थ प्रचारात आहेत.

ह्या सर्व शब्दांत एक समान प्रक्रिया दिसते. ज्या समूहाची ती कला वा विधी आहे, त्याच्या दृष्टीने तो क्रमबद्ध असतो. शब्दाचा निंदाव्यंजक अर्थ मात्र बाहेरच्या, बहुधा अधिक प्रतिष्ठित गणल्या गेलेल्या वर्गाच्या दृष्टीतून येतो. ह्या दृष्टीचे परिणाम भाषेपुरते मर्यादित राहत नाहीत. भटके जीवन म्हणजेच बेशिस्त व बेशिस्त म्हणजेच गुन्हेगारी, अशा समजुतीतून ब्रिटिश राजवटीत १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा झाला व त्यानुसार अनेक जमातींवर जन्मावरूनच गुन्हेगारीचा शिक्का बसला. पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि संबंधित जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. गोंधळी समाजाचा समावेश महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत होतो.

ऐतिहासिक घटनांवरून आलेले शब्द : राज्यकारभारातील अव्यवस्था दर्शविणारे बरेच मराठी शब्द इतिहासातील घटना, स्थळे व सत्ता ह्यांच्या स्मृती जपून आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठी सैन्याचा पराभव झाला. त्यावेळच्या दाणादाणीवरून ‘भाऊगर्दी’ हा शब्द आला. त्यातील ‘गर्दी’ ह्या फार्सी शब्दाचा मूळ अर्थ फिरणे, उलथापालथ असा आहे. आज भाऊगर्दी म्हणजे केवळ एकाच ठिकाणी उसळलेली बेसुमार गर्दी. त्यातील पराभवाची स्मृती बहुतेकांच्या ध्यानी नसते. ह्याच घडणीचे शब्द उत्तरेत इतरांविषयी रूढ होते. नादिरशाहाने १७३९ मध्ये दिल्लीत केलेल्या कत्तलीवरून व लुटीवरून ‘नादिरगर्दी’ आणि अठराव्या शतकातील स्वाऱ्यांवरून ‘जाटगर्दी’ व ‘मरहट्टागर्दी’ हे शब्द दिल्लीच्या परिसरात वापरले जात. मराठ्यांच्या दृष्टीने जी मोहीम होती, ती दिल्लीकरांच्या दृष्टीने गर्दी होती.

मराठीतील ‘मोगलाई’ हा शब्दही असाच आहे. मोगलांचे राज्य व पुढे निजामाच्या अंमलाखालील मुलूख, असा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र तो जुलमी व बेफिकीर कारभाराचा वाचक ठरला. ‘पेंढारशाही’ ह्या शब्दाला मराठी फौजांच्या मागोमाग हिंडून लूट करणाऱ्या पेंढाऱ्यांची पार्श्वभूमी आहे. इंग्रजांनी १८१७-१८ च्या मोहिमेत त्यांचा बीमोड केला. येथे मराठी भाषेने आपल्याच सत्तेच्या पदराखाली वाढलेल्या अव्यवस्थेला नाव दिले आहे. ‘झोटिंगशाही’ हा शब्द लोकसमजुतीतील झोटिंग ह्या पिशाचाच्या नावावरून बनला आहे. बेबंदशाही, झोटिंगशाही ह्या शब्दांतील ‘शाही’ हे पद निजामशाही, आदिलशाही ह्यांसारख्या राजवटींच्या नावांतील आहे. म्हणजे राज्यपद्धतीचे वाचक असलेले पद राज्य मोडल्याचे वर्णन करण्यासाठी वापरले गेले. हेच पद पुढे ‘लोकशाही’ ह्या शब्दातही आले.

‘अनागोंदी’ हा शब्द तुंगभद्रेच्या उत्तर तीरावरील आनेगुंदी ह्या स्थळाच्या नावाशी जोडला जातो. विजयानगरच्या उदयाशी निगडित असलेले हे गाव सध्याच्या कर्नाटक राज्यातील कोप्पळ जिल्ह्यात आहे. १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या (तालिकोटच्या) लढाईत विजयानगरचा पराभव झाला व राजधानी उद्ध्वस्त झाली. त्यानंतर राजघराण्याचे वंशज आनेगुंदीस नाममात्र राजे म्हणून राहिले. सत्ता उरली नसतानाही राहिलेल्या कारभाराच्या डौलावरून ‘अनागोंदी कारभार’ हा शब्दप्रयोग आला, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः देण्यात येते. ‘तुघलकी’ हे विशेषण मुहम्मद तुघलकावरून आले. त्याने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली व त्या स्थळाला दौलताबाद हे नाव दिले. त्याच्या ह्या व सांकेतिक नाण्यांच्या योजनेत नियोजनाचा अभाव नव्हता, तर योजना व वस्तुस्थिती ह्यांत मेळ नव्हता. त्यामुळे ‘तुघलकी निर्णय’ ह्या शब्दाने वरून आखीव दिसणाऱ्या हुकुमातून निर्माण होणारी अव्यवस्था सांगितली जाते.

भाषेने केलेला निवाडा नेहमी इतिहासाशी जुळतोच असे नाही. नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर (३० ऑगस्ट १७७३) सखारामबापू, नाना फडणीस इत्यादी मुत्सद्द्यांनी रघुनाथरावाविरुद्ध एकत्र येऊन १७७४ मध्ये कारभार हाती घेतला, तो ‘बारभाई’ म्हणून प्रसिद्ध आहे. ह्या मंडळाने सवाई माधवरावाच्या नावाने राज्य सावरले. परंतु बोलीत ‘बारभाईचा कारभार’ म्हणजे अनेकांच्या हाती असल्यामुळे कोणाचाच नसलेला कारभार, असा अर्थ रूढ आहे. एका धन्याची सत्ता म्हणजे व्यवस्था व अनेकांची सत्ता म्हणजे अव्यवस्था, ही जुनी समजूत ह्या अर्थामागे दिसते.

राजकीय विचारातील शब्द : ह्याच समजुतीचे शास्त्रीय रूप ‘अराजक’ ह्या शब्दात आढळते. ‘राजा नसलेले’ हा त्याचा शब्दशः अर्थ. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर राजा नसलेल्या देशाच्या दुरवस्थेचे विस्तृत वर्णन येते व महाभारताच्या शांतिपर्वातही हा विषय चर्चिला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात दंड नसेल तर ‘मात्स्यन्याय’ माजतो, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो, असे प्रतिपादन आहे. पाल वंशातील धर्मपालाच्या खालिमपूर ताम्रपटात मात्स्यन्याय दूर करण्यासाठी लोकांनी गोपाल ह्यास राजा केल्याचा उल्लेख आहे. मराठीतील ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण हीच स्थिती सांगते. मात्र मात्स्यन्याय व गोंधळ ह्यांत फरक आहे. मात्स्यन्यायात कोण कोणास गिळणार हे आधीच ठरलेले असते. तेथे क्रम असतो, न्याय नसतो. म्हणून अव्यवस्थेचा विचार करताना क्रमाचा अभाव व न्यायाचा अभाव ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

यूरोपीय भाषांतही राजकीय अव्यवस्थेचा शब्द ‘शासक नसणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला. फ्रेंच विचारवंत पिअर जोसेफ प्रूदाँ ह्याने १८४० मध्ये मालमत्तेविषयीच्या आपल्या ग्रंथात हा निंदाव्यंजक शब्द स्वतःस लावून घेतला. शासन नसले, तरी लोकांच्या ऐच्छिक सहकार्याने व्यवस्था राहू शकेल, असे ह्या विचारसरणीचे म्हणणे होते. तिला मराठीत ‘अराज्यवाद’ असे नाव देऊन ‘अराजक’ ह्या शब्दापासून वेगळे केले गेले. वृत्तपत्रीय भाषेत हा भेद अनेकदा पाळला जात नाही.

कायद्यातील शब्द : अव्यवस्थावाचक शब्दाच्या निवडीवर व्यक्तीचे स्वातंत्र्य कसे अवलंबून असू शकते, हे भारतीय घटनाविधीत स्पष्ट झाले आहे. रोमेश थापर खटल्यात १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची सुरक्षितता व सार्वजनिक सुव्यवस्था ह्यांत भेद केला आणि केवळ सुव्यवस्थेच्या कारणावरून भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालणे घटनेच्या तत्कालीन शब्दांत बसत नाही, असे ठरविले. त्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने एकोणिसाव्या अनुच्छेदात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण घालण्यात आले व निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, अशी अटही आली.

डॉ. राममनोहर लोहिया ह्यांच्या १९६५ मधील स्थानबद्धतेच्या प्रकरणात हा प्रश्न अधिक नेमकेपणाने पुढे आला. भारत संरक्षण नियमांनुसार ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ राखण्यासाठी स्थानबद्धता करता येत असे; पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशात मात्र ‘कायदा व सुव्यवस्था’ असे शब्द होते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला ह्यांनी एकात एक असलेल्या तीन वर्तुळांची कल्पना मांडली : सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे व सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन मद्यप्यांचे भांडण हा कायदा व सुव्यवस्थेचा भंग आहे, पण त्याने सार्वजनिक जीवन विस्कटत नाही. तेच भांडण दोन जमातींत पेटण्याचा संभव असेल, तर प्रश्न सार्वजनिक सुव्यवस्थेचा होतो. आदेशातील शब्द कायद्याने दिलेल्या अधिकारापेक्षा व्यापक असल्यामुळे न्यायालयाने बहुमताने स्थानबद्धता अवैध ठरविली. प्रत्येक अव्यवस्था ही सार्वजनिक अव्यवस्था नव्हे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

आधुनिक वापर : विसाव्या शतकात शासनव्यवहार, वृत्तपत्रे व विधिमंडळे ह्यांच्या विस्तारामुळे कारभारविषयक शब्दांचा वापर फार वाढला. ‘घोटाळा’ ह्या शब्दाचा इतिहास ह्या संदर्भात उद्बोधक आहे. त्याचा जुना अर्थ गुंतागुंत, संभ्रम असा आहे. ‘घोटाळणे’ ह्या क्रियापदात तो अजूनही आढळतो. सार्वजनिक पैशाच्या अपहाराला हा शब्द लागू झाल्यानंतर ‘हिशेबात घोटाळा आहे’ ह्या वाक्याचे दोन अर्थ संभवू लागले : बेरीज चुकली आहे, किंवा पैसे खाल्ले आहेत. ‘सावळागोंधळ’ ह्या शब्दातही अशीच संदिग्धता आहे; कोणाला काही उमगत नाही, असे त्यात सुचविले जाते व त्यामुळे कोणाचा लाभ होतो हे सांगावयाचे राहून जाते.

व्याकरणदृष्ट्या पाहता गोंधळ उडतो, घोळ होतो, बोजवारा उडतो, फज्जा उडतो अशी ह्या नामांची वाक्यरचना बहुधा कर्त्याविना होते. पाऊस पडतो त्याप्रमाणे अव्यवस्था आपोआप घडते, असा आभास ह्या रचनेमुळे निर्माण होतो. उलटपक्षी, गबाळा, अजागळ, उच्छृंखल, बेशिस्त ही विशेषणे थेट व्यक्तीस चिकटतात व दोष तिच्या स्वभावाचा ठरवितात. सामान्यतः सत्ताधारी वा संस्थेच्या चुकीसाठी पहिल्या प्रकारचे आणि दुर्बळांच्या वागण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे शब्द वापरण्याकडे लेखनाचा कल दिसतो. रुग्णालयात औषधे वेळेवर पोहोचली नाहीत तर ‘गोंधळ उडाला’ असे लिहिले जाते. औषधासाठी ताटकळलेल्या लोकांनी आवाज चढविला तर तो ‘बेशिस्त जमाव’ होतो. त्या गोंधळाचा कर्ता वाक्यात येत नाही. जमाव मात्र त्याच्या विशेषणासह येतो.

म्हणून अव्यवस्थावाचक शब्द वापरताना व वाचताना तीन गोष्टी पाहणे उपयुक्त ठरते : कोणती व्यवस्था गृहीत धरली आहे, ती कोणी ठरविलेली आहे आणि ती मोडण्यास कोण कारणीभूत आहे. ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे अनेकदा ‘गोंधळ’ ह्या सर्वसमावेशक शब्दाऐवजी दिरंगाई, हेळसांड, अपहार, जुलूम किंवा नुसता पसारा असा अधिक नेमका शब्द योजता येतो. कोश, कायदा व वृत्तपत्र ह्या तिन्ही क्षेत्रांत हा नेमकेपणा आवश्यक असून मराठीची शब्दसंपत्ती त्यासाठी पुरेशी आहे.